अकाउंटंट गेला, पीएफ-टीडीएस थकला: आता आधी काय भरायचं?

प्रश्न विचारणाऱ्या दादांचं म्हणणं थोडक्यात असं. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत त्यांचं सीएनसी जॉबवर्कचं युनिट आहे, तिघा भावांची भागीदारी, २४ कामगार. दिवाळीनंतर अकाउंटंट नोकरी सोडून गेला. नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या चार महिन्यांचा पीएफ भरलेला नाही. मॅनेजर आणि डिझायनर या दोघांच्या पगारातून दरमहा मिळून ६,२०० रुपये टीडीएस (पगारातूनच कापून सरकारात भरायचा आयकर) कापला जातो. त्यातला ऑक्टोबर ते डिसेंबरचा भरला, पण त्या तिमाहीचं रिटर्न गेलंच नाही. जानेवारी-फेब्रुवारीचा कापला, पण सरकारात जमा झाला नाही. मार्चपासून सगळं नियमित आहे. त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: एकूण दंड किती, माफी योजना येईपर्यंत थांबावं का, आणि एका मोठ्या कंपनीकडे बिल अडकल्यामुळे पैसे कमी आहेत तर आधी काय भरावं. (खालचे नियम आणि हिशोब १५ मे २०२५ चे आहेत.)

मी गेली २२ वर्षं नाशिकमध्ये पगारपत्रकं, पीएफ आणि टीडीएसचंच काम करते. सातपूर, अंबड, सिन्नर इथली छोटी युनिटं हेच माझे बहुतेक पक्षकार. अकाउंटंट सोडून जाण्याची गोष्ट दर दिवाळीनंतर दोन-तीन ठिकाणी तरी घडते, त्यामुळे तुम्ही जगावेगळं काही केलेलं नाही. पण तुम्ही 'एकूण दंड किती' असं विचारता, तिथेच गफलत आहे. इथे एकच मीटर चालू नाही. पैसे उशिरा भरण्याचं मीटर वेगळं, कागद उशिरा देण्याचं वेगळं, आणि तिसरं एक आहे ज्याच्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही. सगळ्यात महाग तेच आहे.

सोपं आधी संपवते. टीडीएसचं रिटर्न, म्हणजे २४क्यू हा पगारावरच्या टीडीएसचा तिमाही फॉर्म. ऑक्टोबर-डिसेंबरचं रिटर्न ३१ जानेवारीपर्यंत जायला हवं होतं. आयकर कायद्याच्या कलम २३४ईप्रमाणे रोजचे २०० रुपये लागतात, १ फेब्रुवारीपासून. आज १५ मे २०२५, म्हणजे १०४ दिवस, २०,८०० रुपये. पण ही फी त्या तिमाहीच्या टीडीएसपेक्षा जास्त होऊ शकत नाही. तुमचा तिमाहीचा टीडीएस १८,६००, म्हणून फी १८,६०० वर थांबली. ४ मेलाच थांबली. लोक याचा अर्थ असा लावतात की आता घाई नाही. तसं नाही. २३४ई ही फी आहे, दंड नव्हे. दंड वेगळ्या कलमात, २७१एचमध्ये आहे, १०,००० पासून १ लाखापर्यंत. पैसे, व्याज आणि फी भरून एका वर्षाच्या आत रिटर्न दिलं तर पूर्वी हा दंड लागत नसे. १ एप्रिल २०२५ पासून ही एका वर्षाची मुभा एका महिन्यावर आणली आहे. तुमची मुदत त्याआधीची, ३१ जानेवारीची, त्यामुळे कुठला नियम लागेल यावर वाद घालता येईल. वाद घालायची वेळ येऊ न देणं स्वस्त पडतं. वाजवी कारण दाखवलं तर हा दंड माफ होऊ शकतो, म्हणून अकाउंटंटचं राजीनामापत्र आणि तुम्ही नवा माणूस कधी ठेवला त्याचा कागद जपून ठेवा. २३४ईच्या फीला मात्र कारण चालत नाही. ती रिटर्नच्या आधी भरायची असते.

एक छोटी गोष्ट सगळ्यांना चक्रावते, तुम्हालाही चक्रावेल. तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरचा टीडीएस ७ नोव्हेंबरऐवजी ८ नोव्हेंबरला भरला, 'फक्त एक दिवस'. व्याज एका दिवसाचं लागत नाही. कापून उशिरा भरलेल्या टीडीएसवर दरमहा दीड टक्का, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना. शिवाय मोजणी ७ तारखेपासून नाही, कापल्याच्या तारखेपासून. ३१ ऑक्टोबरला कापला असेल तर ऑक्टोबर एक आणि नोव्हेंबर दुसरा, दोन महिने, तीन टक्के. ६,२०० वर १८६ रुपये. रक्कम किरकोळ आहे, पण ती भरली नाही की डिफॉल्टची नोटीस येते, आणि १८६ रुपयांसाठी दुरुस्तीचं रिटर्न भरताना सल्लागार त्याहून जास्त फी घेतो. (मीही घेते.)

इथे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून असलेली एक गोष्ट. पगारावरचा टीडीएस पगार देताना कापायचा असतो. तुम्ही पगार महिन्याच्या ३१ तारखेला देता की पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला? अंबडमध्ये बऱ्याच ठिकाणी ७ ला होतो. तसं असेल तर जानेवारीच्या पगारावरचा टीडीएस फेब्रुवारीत कापला गेला आणि त्याची मुदत ७ मार्च झाली. एक महिन्याचं व्याज वाचतं. पण बँकेचं स्टेटमेंट, पगारपत्रक आणि रिटर्नमधली तारीख या तिन्ही जुळल्या पाहिजेत. मी पुढचा हिशोब ३१ तारखेला पगार धरून करते आहे.

जानेवारी-फेब्रुवारीच्या टीडीएसकडे या. जानेवारीच्या ६,२०० वर पाच महिने, साडेसात टक्के, ४६५ रुपये. फेब्रुवारीच्या ६,२०० वर चार महिने, ३७२ रुपये. दोन्ही मिळून ८३७. इतक्या कमी रकमेसाठी मी हे सगळ्यात आधी भरायला सांगणार आहे, ते का? कारण कापलेला टीडीएस न भरणं हा कलम २७६बीखाली गुन्हा आहे: तीन महिने ते सात वर्षं सक्तमजुरी आणि दंड. १ ऑक्टोबर २०२४ पासून एक चांगली तरतूद आली. त्या तिमाहीच्या रिटर्नच्या मुदतीपर्यंत पैसे भरले तर खटला नाही. जानेवारी-मार्चच्या रिटर्नची मुदत ३१ मे आहे. म्हणजे तुमच्या हातात आज १६ दिवस आहेत. १२,४०० रुपये आणि ८३७ व्याज. एवढ्या रकमेसाठी कुणावर खटला भरलेला माझ्या पाहण्यात नाही, पण दरवाजा बंद करायला १३,२३७ रुपये पुरत असताना तो उघडा का ठेवायचा? आज संध्याकाळीच चलन काढा. नंतर दोन्ही तिमाह्यांची रिटर्नं एकत्र बसून भरा, कारण १५ जूनपर्यंत त्या दोघांना फॉर्म १६, म्हणजे कर कापल्याचा दाखला, द्यायचा आहे. तो उशिरा दिला तर त्याचा रोजचा ५०० रुपये दंड वेगळा. आणि रिटर्न गेल्याशिवाय त्यांच्या २६एएसमध्ये, म्हणजे त्यांच्या नावावर जमा झालेल्या कराच्या तक्त्यात, कापलेला कर दिसणारच नाही. मॅनेजर रजा टाकून दारात येऊन बसतो तो याच दिवसांत.

आता पीएफ. इथे मला जरा जास्त बोलायचं आहे.

२४ जणांचा पीएफचा पगार सरासरी १५,००० धरू, म्हणजे महिन्याला ३,६०,००० रुपये. कामगारांचा हिस्सा १२ टक्के, ४३,२००. तुमचा तेवढाच, ४३,२००. वर विमा आणि प्रशासकीय खर्चाचे अर्धा-अर्धा टक्का मिळून ३,६००. महिन्याचं चलन बरोबर ९०,००० रुपये, चार महिन्यांचे ३,६०,०००. तुमचे आकडे थोडे वेगळे असतील, पण गुणोत्तर हेच राहील.

प्रत्येक महिन्याची मुदत पुढच्या महिन्याच्या १५ तारखेची. पूर्वी वर पाच दिवस सवलतीचे मिळत, ते २०१६ मध्ये बंद झाले. तरीही जुन्या लोकांच्या तोंडी अजून '२० तारीख' आहे. तुमचे महिने आज अनुक्रमे पाच, चार, तीन आणि दोन महिने उशिरा आहेत. पीएफ कायद्याच्या कलम ७क्यूप्रमाणे वर्षाला १२ टक्के सरळ व्याज, म्हणजे महिन्याला एक टक्का. कलम १४बीप्रमाणे डॅमेजेस, म्हणजे उशिराबद्दलची दंडवजा भरपाई. हे पूर्वी उशीर वाढेल तसे वर्षाला ५ टक्क्यांपासून २५ टक्क्यांपर्यंत चढत जायचे. जून २०२४ मध्ये नियम बदलला आणि सरसकट महिन्याला एक टक्का झाला. ज्यांनी वर्षानुवर्षं थकवलं त्यांना याचा फायदा झाला. पंधरा दिवस, महिना उशीर करणाऱ्यांना मात्र पूर्वीपेक्षा जास्त लागतं. तुमचा हिशोब: ९०,००० च्या एक टक्क्याचे ९०० रुपये गुणिले (५+४+३+२) १४ महिने, १२,६०० व्याज आणि १२,६०० डॅमेजेस. एकूण २५,२००.

हा आकडा ऐकून बहुतेक मालक सुस्कारा सोडतात. 'साडेतीन लाखांवर पंचवीस हजार, चालतंय की!' एकदा तर एका गृहस्थांनी मला सांगितलं होतं की मुद्दाम थकवलेलं परवडतं, खेळतं भांडवल मिळतं. त्यांना मी दोन गोष्टी सांगितल्या होत्या, त्याच तुम्हालाही सांगते.

पहिली: व्याज एक आणि डॅमेजेस एक मिळून महिन्याला दोन टक्के, वर्षाला २४ टक्के. तुमचं बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाची उचल, किती टक्क्यांनी आहे? अकरा, बारा? मग लिमिटमध्ये जागा शिल्लक असताना पीएफ थकवणं म्हणजे बँकेच्या दुप्पट व्याजाने पैसे घेण्यासारखं झालं.

दुसरी गोष्ट म्हणजे ते तिसरं मीटर. कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा आयकर कायदा आधी तुमचं उत्पन्न धरतो आणि वेळेवर भरला तरच खर्च म्हणून वजा करू देतो. कलम ३६(१)(व्हीए). वेळेवर म्हणजे पीएफच्या कायद्यातली १५ तारीख, आयकर रिटर्नची तारीख नव्हे. यावर वर्षानुवर्षं वाद होता. वेगवेगळी उच्च न्यायालयं वेगवेगळं सांगत होती, आणि आम्हीही पक्षकारांना 'रिटर्नच्या आधी भरा, चालेल' असं सांगायचो. १२ ऑक्टोबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने चेकमेट सर्व्हिसेसच्या निकालात तो वाद संपवला: १५ तारीख चुकली की ती वजावट गेली, कायमची. पुढच्या वर्षी भरलं तरी मिळत नाही. मालकाचा हिस्सा मात्र आयकर रिटर्नच्या मुदतीपर्यंत भरला तर मिळतो.

तुमच्यावर याचा परिणाम: कामगारांचा हिस्सा ४३,२०० गुणिले चार, १,७२,८०० रुपये. भागीदारी संस्थेला ३० टक्के कर आणि वर चार टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. ५३,९१४ रुपये. व्याज आणि डॅमेजेसच्या दुपटीहून जास्त. आणि हे पाच महिने उशिराबद्दल नाही. १६ तारखेला भरलं असतं तरी एका महिन्यामागे १३,४७८ रुपये गेलेच असते. व्याज दिवसांप्रमाणे वाढतं. ही कुऱ्हाड एका दिवसातच पडते आणि मग पाच महिने थांबा की पन्नास, तितकीच राहते. पीएफ ऑफिसची नोटीस यात नसते, म्हणून मालकांना कळतही नाही. ऑडिट रिपोर्टमध्ये प्रत्येक महिन्याची मुदत आणि भरल्याची तारीख शेजारीशेजारी लिहावी लागते, आणि संगणक ती रक्कम उत्पन्नात मिळवून मोकळा होतो. लपवायला जागा नाही, आणि तुमच्या ऑडिटरला तशी गळ घालूही नका.

(आयकराचा हा आकडा मी भागीदारीसाठी काढला. वैयक्तिक मालकीचं युनिट असतं तर मालकाच्या स्लॅबप्रमाणे बदलला असता, आणि तोटा असेल तर या वर्षी कदाचित रोखीने काहीच जात नाही, फक्त पुढे न्यायचा तोटा कमी होतो.)

म्हणजे आत्तापर्यंत जमलेलं: पीएफचे २५,२००, आयकराचे ५३,९१४, रिटर्नची फी १८,६००, टीडीएसचं व्याज १८६ आणि ८३७. बेरीज ९८,७३७. लाखाला थोडं कमी. यातले आयकराचे आणि २३४ईचे मिळून ७२,५१४ रुपये आज काहीही केलं तरी वाचणार नाहीत, ते गेले. दर महिन्याला वाढतंय ते पीएफचं, ३,६०,००० वर दोन टक्के, ७,२०० रुपये.

म्हणून आता तुमचा मुख्य प्रश्न, पैसे कमी आहेत तर क्रम काय. टीडीएसचे १३,२३७ आज. २३४ईची फी आणि दोन्ही रिटर्नं ३१ मेच्या आत. पीएफसाठी कॅश क्रेडिटमधून जितके महिने निघतील तितके काढा, आणि फक्त मुद्दल भरा. ७क्यू आणि १४बी यांचे पैसे बाजूला ठेवा पण मुद्दल अडवून त्यांच्यासाठी थांबू नका, कारण व्याज सरळ आहे: मुद्दल भरलं त्या दिवशी मीटर बंद. चारही महिने एकदम जमत नसतील तर जुना महिना आधी. अर्धवट महिना भरण्याचा विचार करू नका. त्या बड्या कंपनीच्या बिलाची वाट पाहू नका. तुमचे पैसे अडकले म्हणून कामगारांचे अडकले, हे कारण पीएफच्या सुनावणीत मी स्वतः मांडून पाहिलं आहे आणि ते टिकत नाही. २०२२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की डॅमेजेससाठी हेतू सिद्ध करावा लागत नाही, पैसे भरले नाहीत एवढंच पुरतं. अकाउंटंट गेला हेही कारण त्यातच आलं.

माफी योजनेबद्दल. राज्याच्या करांसाठी, व्यवसाय कर धरून, अशा योजना अधूनमधून येतात. तुमची थकबाकी पीएफ आणि टीडीएसची, म्हणजे केंद्राची, त्यात ती बसत नाही. तेव्हा थांबू नका. ७क्यूचं व्याज माफ करायचा अधिकार पीएफ आयुक्तांनाही नाही. दुसरी अडचण अशी की १४बीच्या नोटिसीला कालमर्यादा नाही. माझ्याकडे एकदा आठ वर्षांपूर्वीच्या महिन्यांची नोटीस आली होती. तोपर्यंत युनिट विकलं गेलं होतं, एक भागीदार वारला होता, आणि चलनांच्या पावत्या थर्मल कागदावर पुसट झालेल्या. तेव्हा चलन भरलं की त्याची पीडीएफ दोन ठिकाणी ठेवा.

व्यवसाय कराबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण तेही तपासा. सगळे कामगार दहा हजारांच्या वर पगाराचे पुरुष धरले तर माणशी २,५०० प्रमाणे वर्षाचे ६०,००० होतात. एक लाखाच्या आत असल्यामुळे तुमचं रिटर्न वार्षिक, मुदत ३१ मार्च. राहिलं असेल तर लेट फी पहिल्या ३० दिवसांत २०० असते, ते दिवस उलटले, आता १,००० लागेल. व्याज महिन्याला सव्वा टक्क्यापासून दोनपर्यंत चढतं, शिवाय दहा टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

ईएसआयसी (कामगार राज्य विम्याचा हप्ता) वेळेवर गेलं असं तुम्ही म्हणता, कारण एका कामगाराच्या बायकोची प्रसूती सातपूरच्या ईएसआयसी रुग्णालयात व्हायची होती आणि तुम्ही स्वतः लक्ष घातलंत. बरं झालं. यावरून मला पीएफची एक बाजू सांगायची आहे जी आकड्यांत येत नाही.

पीएफच्या चलनातला अर्धा टक्का विम्याचा असतो. नोकरीत असताना कामगार गेला तर घरच्यांना त्यातून सात लाखांपर्यंत मिळतात. सिन्नरकडच्या एका युनिटचं काम मी पाहायचे. तिथे तीन महिने पीएफ थकलेला असताना एक फिटर मोटरसायकलवरून घरी जाताना घोटीच्या रस्त्यावर गेला. त्याची बायको दोन मुलं घेऊन ऑफिसात आली. मालक वाईट माणूस नव्हता, अंत्यविधीचा खर्च त्याने केला होता. पण क्लेम अडकला, आणि थकबाकी भरून कागद पुढे सरकेपर्यंत ती बाई सहा महिने माझ्या ऑफिसात यायची. मालकाला एवढंच विचारायची, 'साहेब, ह्यांच्या पगारातून तर कापले होते ना?' त्याच्याकडे उत्तर नव्हतं. कामगाराच्या पगारातून कापून न भरलेल्या पीएफला कायदा विश्वासघाताचा गुन्हा मानतो. पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये आहे. पीएफच्या कायद्यात त्यासाठी एक ते तीन वर्षांची कैद आहे. मला मात्र कलमाच्या आधी ती बाई आठवते.

शेवटचं, आणि हे उद्याच्या उद्या करा. पीएफ पोर्टल, ट्रेसेस (टीडीएसचं सरकारी पोर्टल) आणि आयकर, तिन्हीकडे नोंदवलेला मोबाईल नंबर आणि ईमेल कुणाचा आहे ते पाहा. दहापैकी सहा ठिकाणी तो सोडून गेलेल्या अकाउंटंटचा असतो, आणि चार महिने मुदतीची आठवण करून देणारे जे मेसेज येत होते ते त्याच्या फोनवर जात होते. नंबर तुम्हा भावांपैकी एकाचा करा. डिजिटल सहीचं टोकन त्याच्या टेबलाच्या खणात राहिलं असेल तर ते ताब्यात घ्या. पुढच्या महिन्यापासून पीएफची तारीख १५ नाही, १० समजा. १४ आणि १५ ला पोर्टल कसं चालतं हे तुम्हाला कळेलच.

आणि कामगारांना तुम्ही सांगितलं आहे का? त्यांच्या मोबाईलवर पासबुक दिसतं. चार महिने एंट्री नाही हे त्यांतल्या निम्म्यांना आधीच माहीत असणार. तुम्हाला विचारत नाहीत एवढंच. पहिलं चलन भरलं की त्याची प्रत टाइम ऑफिसच्या बाहेर लावा, आणि उरलेले महिने कोणत्या तारखेला भरणार ते त्याच्याखाली हाताने लिहा.